कादंबरी राजदरबारी

शाळेत इतिहासाचे पेपर तपासताना दरवर्षी एक गंमत होते. एखाद्या कादंबरीतले कल्पित पात्र खऱ्या सरदारांच्या पंगतीत येऊन बसते. मी लाल रेघ ओढतो. पण स्वतः कादंबऱ्या लिहीत असल्यामुळे मनातून सुखावतोही.

हीच गफलत राज्यकर्त्याच्या हातून झाली तर?

टॉम क्लॅन्सी हा अमेरिकेतल्या मेरीलँडचा विमा-एजंट. १९८४ साली त्याची पहिली कादंबरी, ‘द हंट फॉर रेड ऑक्टोबर’, निघाली. रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी ती वाखाणली आणि या गृहस्थाचे नशीब फळफळले. व्हिएतनामच्या पराभवाने दुखावलेल्या तिथल्या उजव्या मंडळींना क्लॅन्सीच्या जगात हवे ते सारे सापडले: सचोटीचे सैनिक, बिनचूक यंत्रे आणि चटकन ओळखू येणारा शत्रू.

इथवर ठीक. परंतु ऑक्टोबर १९८६ मध्ये रेक्याविक येथे रशियाच्या गोर्बाचेव्ह यांच्याशी बोलणी फिसकटल्यावर रेगन यांनी ब्रिटनच्या मार्गारेट थॅचर यांना क्लॅन्सीची ‘रेड स्टॉर्म रायझिंग’ वाचायला सुचवली. रशियाचे मनसुबे तिच्यातून चांगले कळतात म्हणून! तशी नोंद ब्रिटिश दप्तरात आहे. त्या कादंबरीत रशिया तेलापायी युरोपवर चालून येतो.

प्रत्यक्षात १९८७ साली त्याच गोर्बाचेव्ह यांच्याशी रेगन यांनी क्षेपणास्त्रे नष्ट करण्याचा करार केला, आणि १९९१ साली सोव्हिएत संघ त्या युद्धावाचूनच मोडला. पुस्तकातला शत्रू बाजूला ठेवून रेगन समोरच्या माणसाशी बोलले, हे जगाचे भाग्य.

लाल रेघ ओढताना मी हल्ली पूर्वीसारखा सुखावत नाही.