भाष्याकडून संहितेकडे : 'स्टार ट्रेक'च्या रसिकांचा व्हल्कन-विचार

१९६६ च्या सप्टेंबर महिन्यात अमेरिकेतील एन. बी. सी. या दूरचित्रवाणी-संस्थेने 'स्टार ट्रेक' ही विज्ञानकथामालिका प्रक्षेपित करण्यास प्रारंभ केला. १९६९ च्या जूनमध्ये ती बंद पडली, तोवर तिचे ७९ भाग प्रक्षेपित झाले होते. तीतील स्पॉक हे पात्र व्हल्कन ग्रहावरील पिता व मानवी माता यांचे अपत्य होय. त्याच्या शरीरधर्माविषयी रसिकांनी जी चर्चा केली, ती केवळ करमणूक म्हणून उपेक्षिण्याजोगी नाही. भाष्य कसे जन्मास येते आणि मूळ संहितेवर ते कसा अधिकार मिळविते, याचे ती एक सुस्पष्ट उदाहरण आहे.

मालिकेचे लेखक अनेक होते. त्यामुळे तीतील माहिती विखुरलेली व क्वचित विसंगतही होती. प्रारंभीच्या काही भागांत स्पॉकच्या जातीस 'व्हल्कनियन' म्हटले आहे. 'व्हल्कन' हे रूप पुढे स्थिरावले. १९६७ मधील एका भागात तीव्र प्रकाशाने अंध झालेल्या स्पॉकची दृष्टी एका आंतरिक पापणीमुळे वाचल्याचे उघड होते. व्हल्कनवरील प्रखर सूर्यप्रकाश हे तिचे कारण सांगितले जाते. त्याच वर्षीच्या 'जर्नी टू बेबल' या भागात त्याचा रक्तगट 'टी-निगेटिव्ह' असल्याचे कळते, तर थिओडोर स्टर्जन यांच्या 'अमॉक टाइम' या भागात व्हल्कनांच्या प्रजननप्रेरणेचे 'पॉन फार' हे चक्र प्रकट होते.

या सामग्रीचा ऊहापोह चक्रमुद्रित नियतकालिकांतून झाला. देव्रा लँगसॅम व शर्ना कॉमरफर्ड यांनी १९६७ मध्ये काढलेले 'स्पॉकनॅलिया' हे त्यांतील आद्य होय. रूथ बर्मन यांनी १९६९ मध्ये सुरू केलेल्या नियतकालिकाचे नाव तर 'टी-निगेटिव्ह' हेच होते. या कार्यात स्त्रियांचा वाटा मोठा होता, ही गोष्ट विशेष लक्षणीय आहे. एकदा दाखविलेला भाग पुन्हा इच्छेनुसार पाहण्याची सोय त्या काळी घरोघरी नव्हती. स्मरण, टिपणे व ध्वनिफिती हीच साधने होती.

रसिकांची पद्धती टीकाकारांची होती. संहितेतील प्रत्येक विधान प्रमाण मानावयाचे, विरोध दिसल्यास समन्वय साधावयाचा आणि जेथे संहिता मौन पाळते तेथे निसर्गशास्त्राच्या आधारे अध्याहार करावयाचा, असा तिचा क्रम होता. स्पॉकचे रक्त हिरवे व ताम्रयुक्त मानले गेले. परंतु पृथ्वीवर अष्टपाद व खेकडे यांचे ताम्रयुक्त रक्त प्राणवायूच्या संयोगाने निळे होते. मानवी रक्त तर लोहयुक्त आहे. मग हिरवा वर्ण कशाने येतो आणि असा संकर संभवतो कसा, हे प्रश्न संहितेनेच निर्माण केले, परंतु सोडविले नाहीत. सात वर्षांच्या चक्राचा अर्थही विवाद्य ठरला. अन्य काळी व्हल्कनांचा समागम होतच नाही काय? तो होतो, असा खुलासा मालिकेच्या कथासंपादिका डी. सी. फाँटाना यांनी पुढे केला. तथापि वाद त्याने मिटला नाही. कर्त्याचे तात्पर्य आणि शब्दाचा अर्थ यांतील अंतर येथेही दिसून येते.

शरीराचा विचार साहजिकच भाषेपर्यंत पोहोचला. डोरोथी जोन्स हेड्ट यांनी व्हल्कन भाषेचे शब्द व रचना कल्पिल्या. त्यांतील 'नी वार' या शब्दाचा अर्थ 'द्विरूप' असा असून, दोन भिन्न वस्तूंची किंवा एकाच वस्तूच्या दोन अंगांची तुलना करणाऱ्या कलाप्रकारास त्यांनी ही संज्ञा दिली. क्लेअर गॅब्रिएल यांची याच नावाची कथा १९७६ मध्ये ग्रंथरूप संग्रहात समाविष्ट झाली. २००२ मध्ये 'एंटरप्राइझ' या उत्तरकालीन मालिकेत एका व्हल्कन नौकेस हे नाव मिळाले. आणि २०२० मध्ये 'डिस्कव्हरी' या मालिकेत, दुरावलेले व्हल्कन व रोम्युलन पुन्हा एकत्र नांदू लागल्यावर, खुद्द व्हल्कन ग्रहाचेच नाव 'नी वार' झाल्याचे दाखविण्यात आले.

शब्द केवळ उसना घेतला गेला नाही. त्याचा 'द्विरूप' हा अर्थही त्याच्यासह संहितेत आला. चक्रमुद्रित पानांवरील एका वाचकाची संज्ञा अर्धशतकानंतर मूळ कथाविश्वात ग्रहनाम व्हावी, यावरून संहिता व भाष्य यांमधील सीमारेषा मानली जाते तितकी दृढ नसते, असे अनुमान निघते. म्हणूनच अशी टाचणबद्ध नियतकालिके जपून ठेवणे, हे वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासकांचेही कर्तव्य ठरते.