गुन्हेगारीशास्त्र : एका विद्येची वाटचाल

गुन्हेगारीशास्त्र शिकावयाचे म्हणजे गुप्त पोलीस व्हावयाचे, अशी आपल्याकडे पुष्कळांची समजूत आहे. मुलाने किंवा मुलीने विद्यापीठात हा विषय घेतो म्हटले, की घरातील वडील मंडळी चमकतात. डॉक्टरकी समजते, वकिली समजते. चोरदरोडेखोरांचा अभ्यास करून पोट कसे भरावयाचे, हे मात्र समजत नाही. शंका रास्त आहे. परंतु नुसती नोकऱ्यांची यादी वाचून दाखविली, तर तिचे खरे समाधान होणार नाही. ही विद्या कोठून आली आणि कोणकोणत्या वाटांनी भटकली, हे आधी पाहिले पाहिजे.

अठराव्या शतकात युरोपातील बहुतेक देशांत कबुलीजबाब मिळविण्यासाठी आरोपीचा छळ करणे कायदेशीर होते. मिलान शहरच्या चेझारे बेक्कारिया ह्या तरुणाने १७६४ साली एक लहानसे पुस्तक लिहून ह्या पद्धतीवर घाव घातला. शिक्षा गुन्ह्याच्या प्रमाणात असावी, ती निश्चित असावी, छळ व देहदंड नसावा, असे त्याचे म्हणणे होते. प्रारंभी त्याने पुस्तकावर आपले नावही घातले नव्हते. पुढे शंभर वर्षांनी त्याच इटलीत चेझारे लोंब्रोझो हा वैद्य पुढे आला. १८७६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्याने असे प्रतिपादन केले, की काही माणसे जन्मतःच गुन्हेगार असतात, आणि त्यांची कवटी, जबडा, कान ह्यांवरून ती ओळखता येतात. १८८५ साली राफाएले गारोफालो ह्याने आपल्या ग्रंथाला जे नाव दिले, तेच पुढे ह्या विद्येचे नाव झाले. लोंब्रोझोच्या सिद्धान्ताची तपासणी इंग्लंडात चार्ल्स गोरिंग ह्या तुरुंगाच्या डॉक्टराने केली. सुमारे तीन हजार कैद्यांची मोजमापे घेऊन १९१३ साली त्याने दाखवून दिले, की गुन्हेगाराचा म्हणून शरीराचा निराळा साचा नाही.

हा वाद परदेशी पंडितांचा, त्याच्याशी आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध फार जवळचा आहे. लोंब्रोझोचा ग्रंथ निघण्याच्या पाच वर्षे आधी, १८७१ साली, इंग्रज सरकारने हिंदुस्थानात गुन्हेगार जमातींचा कायदा केला होता. ग्रंथकाराने पुढे जे कवटीत शोधले, ते सरकारने आधीच जातीत शोधले होते! १९११ सालच्या सुधारणेनंतर हा कायदा मुंबई इलाख्यालाही लागू झाला. पारधी, कैकाडी अशा जमातींच्या माणसांनी पोलिसांकडे हजेरी द्यावयाची, परवान्याशिवाय गाव सोडावयाचे नाही, असे निर्बंध आले. सोलापूरला तारांच्या कुंपणात त्यांची वसाहत उभी राहिली. त्या कुंपणात जन्मलेल्या मुलाने कोणता गुन्हा केला होता? काहीही नाही; पण कायद्याच्या दृष्टीने त्याचा जन्म हाच पुरावा होता. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला आणि ह्या जमाती विमुक्त म्हणविल्या जाऊ लागल्या. कायदा गेला तरी संशय गेला नाही. त्याची जागा सराईत गुन्हेगारांविषयीच्या कायद्यांनी घेतली, आणि आजही गावात चोरी झाली की कोणाच्या पालावर आधी धाड पडते, हे आपणांस ठाऊक आहे.

त्याच राजवटीत ह्याच भूमीवर ह्या विद्येचे एक निर्मळ फळही पिकले. १८९७ साली कलकत्त्यास बोटांच्या ठशांची कचेरी निघाली; जगातील अशी ती पहिलीच. एडवर्ड हेन्री ह्याच्या हाताखालील अझिझुल हक व हेमचंद्र बोस ह्या दोन भारतीय अधिकाऱ्यांनी ठशांच्या वर्गीकरणाची पद्धत सिद्ध केली. हक ह्यांनी गणिताने बत्तीस ओळी व बत्तीस रकाने मांडून ठशांचे १०२४ कप्पे पाडले, त्यामुळे हजारो कागदांतून हवा तो कागद पटकन निघू लागला. १९०१ साली लंडनच्या स्कॉटलंड यार्डने हीच पद्धत स्वीकारली; नाव मात्र हेन्रीचे राहिले. ठसा हा माणूस कोण एवढेच सांगतो. तो कोणत्या कुळात जन्मला हे सांगत नाही. शास्त्र आणि पूर्वग्रह ह्यांतील भेद ह्याहून सोपा करून कसा सांगावा?

गुन्हा कोणी केला हे कळले, तरी पुढे त्या माणसाचे काय करावयाचे हा प्रश्न उरतोच. त्याचे एक उत्तर आपल्या औंध संस्थानाने दिले. राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधी ह्यांच्या कारकिर्दीत, मॉरिस फ्रीडमन ह्या पोलिश अभियंत्याच्या कल्पनेतून, १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत वसली. तेथे भिंत नव्हती. कैदी बायकामुलांसह राहून शेती करीत. शेजारच्या शेटफळ्याचे ग. दि. माडगूळकर ह्यांनी ह्या प्रयोगावरून कथा लिहिली आणि १९५७ साली व्ही. शांताराम ह्यांनी तिचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट केला. चित्रपट सर्वांनी पाहिला; वसाहत फार थोड्यांनी पाहिली.

विद्यापीठीय शिक्षण ह्यानंतरचे. १९३६ साली मुंबईत समाजकार्याचे जे विद्यालय निघाले, तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. संयुक्त राष्ट्रांचे तज्ज्ञ वॉल्टर रेकलेस १९५१-५२ साली भारतात आले. तुरुंगांत प्रशिक्षित माणसे नेमावीत, असा आग्रह त्यांनी धरला. १९५८ साली परिवीक्षेचा कायदा झाला. योग्य प्रसंगी अपराध्याला तुरुंगात न धाडता देखरेखीखाली मोकळे ठेवण्याची सोय त्याने देशभर केली. १९५९ साली सागर विद्यापीठात ह्या विषयाचा स्वतंत्र विभाग निघाला. गांधीनगरचे न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ २०२० साली राष्ट्रीय दर्जाचे झाले.

आता पोटाचा प्रश्न. ह्या विषयाच्या दोन शाखा ध्यानात ठेवाव्यात. पहिली प्रयोगशाळेची. तेथे रक्त, विष, हस्ताक्षर, संगणक ह्यांची तपासणी चालते आणि रसायन, जीवशास्त्र किंवा संगणकाचा पाया लागतो. केवळ समाजशास्त्राच्या पदवीवर तेथे दार उघडत नाही. ह्या शाखेला मागणी वाढत आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या संहितेनुसार सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावयाचा आहे. त्यासाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. दुसरी शाखा माणसांची. परिवीक्षा अधिकारी, कारागृहातील कल्याण अधिकारी, मुलांच्या निरीक्षणगृहातील कार्यकर्ते, संशोधक, प्राध्यापक हे तिचे मार्ग. बाल न्याय मंडळावर दंडाधिकाऱ्याबरोबर दोन समाजकार्यकर्ते बसतात, त्यांतील एक तरी स्त्री असावीच लागते. टाटा संस्थेने १९९० साली सुरू केलेला ‘प्रयास’ प्रकल्प कोठडीतील व सुटून आलेल्या माणसांत काम करतो. पोलीस अधिकारी होण्यास मात्र हीच पदवी हवी असे नाही. तेथे स्पर्धा परीक्षाच द्यावी लागते.

अमेरिकेत १९३९ साली एडविन सदरलँड ह्यांनी एका व्याख्यानात आपल्या शास्त्रबंधूंना खडसावले, की तुम्ही गरिबांच्याच चोऱ्या मोजता. कोट घालून कचेरीत बसणाऱ्यांच्या लबाड्या कोण मोजणार? आपल्याकडे पांढरपेशी गुन्हेगारी हा शब्द रुळला तो त्यांच्याच विचारामुळे. आपण पांढरपेशांनी तो विशेष लक्षात ठेवावा.

तेव्हा मुलगा हा विषय घेतो म्हणाला, तर त्याला अडवू नका. नोकरी मिळेल का हे अवश्य विचारा. पण सोलापूरचे कुंपण आणि स्वतंत्रपूरची कुंपणावाचूनची वसाहत, ह्या दोन्ही गोष्टी त्याला जरूर सांगा. दोन्ही आपल्याच मुलखातल्या आहेत. उद्या हातात अधिकार आल्यावर त्याने ह्यांतील कोणती उभारावी, हे त्याला पदवीच्या आधी कळलेले बरे.