पाथरीवरून मोडलेला तह

२०२० च्या जानेवारीत साईबाबांच्या जन्मस्थळावरून पाथरी गाजली, शिर्डीने बंदही पाळला. परभणी जिल्ह्यातल्या या गावाला असले वाद नवे नाहीत. सोळाव्या शतकात तर पाथरीपायी एक अख्खा तह मोडला.

नगरच्या निजामशहांचे पूर्वज पाथरीचे ब्राह्मण कुलकर्णी, असं फेरिश्ता लिहितो. गाव मात्र वऱ्हाडच्या इमादशाहीत. बदल्यात दुसरा मुलूख देऊ केला तरी इमादशहा बधेना, तेव्हा १५१८ मध्ये बुऱ्हाण निजामशहाने पाथरी बळाने घेतली. पुढे १५७४ मध्ये नगरने सगळं वऱ्हाडच गिळलं.

चांदबिबी याच निजामशाही घराण्यातली. तिचं लग्न हाच मुळी एक तह होता. नगर आणि विजापूर यांचं सोलापूरवरून हाडवैर. ते मिटवायला हुसेन निजामशहाने लेक विजापूरच्या अली आदिलशहाला दिली आणि हुंड्यात सोलापूर दिलं. मग १५६५ मध्ये दोन्ही फौजा तालिकोटला विजयनगरविरुद्ध एकत्र लढल्या.

१५९५ च्या अखेरीस अकबराचा शाहजादा मुराद याने नगरला वेढा घातला. सुरुंगाने तट फुटला, तेव्हा माहेरी परतलेली चांदबिबी हाती तलवार घेऊन खिंडारात उभी राहिली आणि रातोरात तट बांधून काढला. चित्रांत आणि गोष्टींत तीच तलवार राहिली. खरं कसब त्यानंतरचं. किल्ल्यात दाणागोटा संपत आलेला, बाहेर मोगल सरदारांत बेबनाव, विजापूरची कुमक वाटेवर. नेमक्या या वेळी तिने तह केला: वऱ्हाड अकबराला, गादी बालवयाच्या बहादूर निजामशहाला. हातचा मुलूख सोडून राज्य वाचवलं.

पण वऱ्हाड संपतं कुठे? मोगल अंमलदारांनी पाथरी ताब्यात घेतली. नगरचं म्हणणं, पाथरी तहात नव्हतीच. मोगलांचा दावाही अगदीच हवेतला नव्हता. पाथरी एकेकाळी इमादशाहीचीच, आणि ‘आईन-इ-अकबरी’त ती वऱ्हाड सुभ्याचं एक सरकार म्हणून नोंदलेली आहे.

या वादात तह मोडला आणि १५९७ मध्ये गोदाकाठी सोनपेठची लढाई झाली. एकीकडे विजापूरच्या सुहेलखानाच्या हाताखाली नगर, विजापूर आणि गोवळकोंड्याच्या फौजा. दुसरीकडे खानखानान अब्दुर्रहीम, दोहे लिहिणारा तोच रहीम. दोन दिवसांच्या झुंजीनंतर मोगल जिंकले.

१६०० मध्ये मोगल पुन्हा नगरच्या तटाखाली आले. चांदबिबीने पुन्हा बोलणी करायचं ठरवलं: किल्ला द्यावा, बहादूरला घेऊन जुन्नरला जावं. ती शत्रूला फितूर झाल्याची आवई उठली आणि खवळलेल्या जमावाने तिला मारलं. लवकरच किल्ला पडला. बहादूरची रवानगी ग्वाल्हेरच्या कैदेत झाली.