बाबांचा स्विस चाकू



२००२ मध्ये विमानतळावरच्या तपासणीत बाबांचा लाल स्विस चाकू गेला. विनवण्या करून एकच वस्तू वाचवली: कॉर्कस्क्रूच्या वेटोळ्यात फिरवून बसवलेला इवलासा स्क्रूड्रायव्हर. बाबा त्याने चष्म्याच्या दांड्या आवळायचे.

हा चाकू बनवणाऱ्या कार्ल एल्सनरने १८९१ मध्ये स्विस सैन्याला चाकू पुरवले. त्यात कॉर्कस्क्रू नव्हता. १८९७ च्या ‘ऑफिसर’ चाकूत त्याने पोटातल्या त्याच स्प्रिंगांवर पाठीकडचीही हत्यारं तोलली, म्हणून तिथे कॉर्कस्क्रू मावला. खरी करामत ती, न दिसणारी! ती नसती तर बाबांच्या स्क्रूड्रायव्हरला घर कुठलं?

आता चष्मा मलाही लागलाय. दांडी ढिली झाली की तोच काढतो.

तुमच्या घरी असा चाकू असेल, तर वेटोळ्यात जरूर डोकावा.