कुत्र्याची छत्री आणि वारुळावरची अळंबी

पाऊस मुरला, ढग गडगडले, की पनवेलच्या बाजारात कातकरी-ठाकर बाया पानांवर अळंबीचे वाटे मांडून बसतात. दुपारपर्यंत टोपली रिकामी. आज तिचीच गोष्ट.

मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण-कांद्याबरोबर अळंबीही द्विजांना वर्ज्य सांगितली आहे. पोथीने नाकारली, तरी तिचं ज्ञान टिकलं. ते राहिलं रानातल्या बायांकडे, आईकडून लेकीकडे. आपण मात्र सरसकट सगळीलाच 'कुत्र्याची छत्री' म्हणून मोकळे झालो!

वारुळावरची अळंबी खरं तर वाळवीची शेती आहे. वाळवी पालापाचोळा चावून आत नेते, त्यावर बुरशी वाढवते आणि पावसात तिच्याच छत्र्या वर येतात. वाळवीशिवाय ती पिकवणं अजून जमलेलं नाही. म्हणून छत्री खुडावी, वारूळ खणू नये.

शेतातली अळंबी वेगळी. पहिल्या महायुद्धात, 1917 च्या सुमारास, उपासमारीच्या दिवसांत जर्मनीत धिंगरी पिकवायला सुरुवात झाली. आपल्याकडे 1962 मध्ये म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत बानो आणि श्रीवास्तव यांनी ती भाताच्या पेंढ्यावर घेऊन दाखवली. पेंढा! आपल्या दारात पडलेला. एक किलो सुक्या पेंढ्यावर साधारण अर्धा ते पाऊण किलो ताजी धिंगरी निघते. पेंढा भिजवून, गरम पाण्यातून काढून नीट निथळावा लागतो. आमच्या गटाने घाई केली, ओलाच भरला. सगळ्या पिशव्या हिरव्या बुरशीने गेल्या. पेंढा मुठीत दाबल्यावर पाणी टपकायला नको, हे तेव्हा कळलं.

आता ताकदीचं. अळंबी म्हणजे मटणच, असं सांगून विकणारे भेटतात. तसं नाही. ताज्या अळंबीत नव्वद टक्के पाणी असतं. शंभर ग्रॅममध्ये प्रथिनं तीनेक ग्रॅम, एका अंड्यात सहा. वाळवली की मात्र शंभर ग्रॅममध्ये वीस-पंचवीस ग्रॅम भरतात. चरबी नगण्य, तंतू आणि ब गटातली काही जीवनसत्त्वं चांगली, त्यामुळे साखरेचा त्रास असलेल्या बाईलाही चालते. चिरून थोडा वेळ उन्हात ठेवली तर तिच्यात ड जीवनसत्त्व तयार होतं. रक्त कमी असेल तर मात्र अळंबीच्या भरवशावर गोळ्या सोडू नका.

आणखी एक. विषारी अळंबीने चांदीचं नाणं किंवा लसूण काळा पडतो, हे खोटं आहे. शिजवूनही सगळी विषं जात नाहीत. सर्वांत घातक विषाची लक्षणं सहा ते बारा तासांनी, कधी त्याहूनही उशिरा दिसतात. मध्ये बरं वाटतं आणि आत यकृत बिघडत जातं. म्हणून ओळखीची नसेल ती आणूच नये. खाऊन उलट्या-जुलाब सुरू झाले तर घरी काढे करत बसू नका. सरळ दवाखाना गाठा आणि उरलेली अळंबी डॉक्टरांना दाखवायला सोबत घ्या.