श्रुतपंचमी आणि वाचनालयातलं आपलं कपाट



ज्येष्ठ शुद्ध पंचमी, म्हणजे आपली श्रुतपंचमी, जवळ आली आहे. आणि नेमका आत्ताच आमच्या तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयातून एक निरोप आला आहे. आपल्या समाजाने काही वर्षांपूर्वी तिथे जैन ग्रंथांचं एक कपाट भेट दिलं होतं. गेल्या वर्षभरात त्या कपाटातल्या पुस्तकांच्या नोंदी देवघेवीच्या रजिस्टरात बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. नव्या पुस्तकांना जागा अपुरी पडते, म्हणून दिवाळीनंतर हे कपाट माळ्यावर हलवावं, असं कार्यकारिणीत बोललं गेलं. ग्रंथपाल ताई मला म्हणाल्या, "काकू, कुणीतरी घरी न्या, वाचा, परत आणा. तारखेचे शिक्के पडत राहिले तर कपाट हलवायचं कारणच उरणार नाही."

श्रुतपंचमीला आपण पोथ्यांना ऊन दाखवतो, वेष्टनं बदलतो, वेखंडाचे तुकडे ठेवतो, पूजा करतो आणि पोथी पुन्हा कपाटात जाते. हा सण नक्की कशाचा आहे, हे एकदा शांतपणे आठवावं असं मला वाटलं.

विसरून जाईल या भीतीतून लिहिलेला ग्रंथ

गिरनारच्या गुहेत राहणारे आचार्य धरसेन वृद्ध झाले होते. त्यांना मुखोद्गत असलेलं श्रुत आपल्याबरोबर संपेल, ही चिंता त्यांना लागली. त्यांनी दक्षिणेतल्या मुनिसंघाला पत्र पाठवून दोन बुद्धिमान मुनी मागवले. ते पुष्पदंत आणि भूतबली. धरसेनांनी त्यांची परीक्षा घेतली ती गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. एकाला दिलेल्या मंत्रात एक अक्षर जास्त होतं, दुसऱ्याच्या मंत्रात एक कमी. दोघांनीही आपापली चूक ओळखून मंत्र शुद्ध केला, तेव्हा कुठे शिकवणं सुरू झालं.

त्या दोघांनी जे लिहून काढलं ते षट्खंडागम. त्याची सुरुवातच णमोकार मंत्राने होते. आपण रोज सकाळी जे पाच पद म्हणतो, ते या ग्रंथाचं मंगलाचरण आहे. ग्रंथ पूर्ण झाल्यावर चतुर्विध संघाने त्याची पूजा केली, तो दिवस श्रुतपंचमीचा, असं परंपरा सांगते. चतुर्विध संघ म्हणजे मुनी, आर्यिका, श्रावक आणि श्राविका. त्या पहिल्या पूजेत आपणही होतो.

हजार प्रती करवणारी अत्तिमब्बे

छापखाना येण्याआधी ग्रंथ टिकवायचा तर त्याची नक्कल करणं हा एकच मार्ग होता. ताडपत्राला कसर लागते, दमट हवेत ते कुजतं. म्हणूनच आहार, औषध आणि अभय यांच्या जोडीला शास्त्रदान आलं.

या दानात एका बाईचं नाव फार मोठं आहे. दहाव्या शतकात कर्नाटकात अत्तिमब्बे नावाची श्राविका होऊन गेली. लोक तिला दानचिंतामणी म्हणत. कवी पोन्न याच्या शांतिपुराणाच्या तिने एक हजार प्रती लिहवून घेतल्या आणि वाटल्या. एकेक पान हाताने लिहायचं, अशा काळातली ही हजाराची गोष्ट आहे. कवी रन्न याने इ.स. ९९३ मध्ये अजितपुराण रचलं तेही तिच्याच आश्रयाने. गदगजवळच्या लक्कुंडीचं तिने बांधलेलं जिनालय आजही उभं आहे. मंदिर बांधणाऱ्या पुष्कळ झाल्या, पण हजार घरांत पुस्तक पोहोचवणारी म्हणून मला ती जास्त जवळची वाटते.

दर्शन मिळे, वाचन नाही

षट्खंडागमावर आचार्य वीरसेनांनी धवला ही टीका लिहिली. ती इ.स. ८१६ च्या सुमारास पूर्ण झाली. तिचा विस्तार ७२ हजार श्लोकांएवढा मानतात. पुढे शतकं लोटली आणि हा ग्रंथ इतर सगळीकडून नाहीसा झाला. उरला तो फक्त कर्नाटकातल्या मूडबिद्रीच्या सिद्धांत बसदीत, जुन्या कन्नड लिपीतल्या ताडपत्रांवर. यात्रेकरू जात, दुरून दर्शन घेत, हात जोडत. आत काय लिहिलं आहे ते वाचणारं जवळजवळ कुणी उरलं नव्हतं.

१८८३ मध्ये मुंबईचे शेठ माणिकचंद यात्रेला गेले आणि त्या ताडपत्रांची अवस्था पाहून अस्वस्थ झाले. त्यांनी ही गोष्ट सोलापूरच्या हिराचंद नेमचंद दोशींच्या कानावर घातली. हेच हिराचंद शेठ १८८४ मध्ये 'जैन बोधक' सुरू करणारे. पुष्कळ पत्रव्यवहार आणि विनवण्या झाल्या. अखेर १८९६ च्या सुमारास नक्कल करायला परवानगी मिळाली. काम दोघांकडे आलं: श्रवणबेळगोळचे ब्रह्मसूरी शास्त्री आणि मिरजेचे गजपती उपाध्याय. एक अट मात्र होती. नकला मूडबिद्रीतच राहतील, बाहेर जाणार नाहीत.

म्हणजे जीर्ण प्रतीजवळ नवी प्रत येणार, आणि दोन्ही कुलपात राहणार.

मिरजेच्या लक्ष्मीबाई

गजपती उपाध्यायांनी मग गुपचूप आणखी एक कन्नड प्रत घरी तयार केली. या कामात मोठा हात होता त्यांच्या पत्नीचा. त्यांचं नाव लक्ष्मीबाई. त्या स्वतः विदुषी होत्या आणि हे ग्रंथ लोकांनी वाचावेत, शिकावेत अशी त्यांची फार इच्छा होती.

हे वाचताना माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो अचौर्याचा. अट मोडून केलेली नक्कल ही चोरी नाही का? तुमच्याही मनात येईल, आणि तो यायलाच हवा. मी त्यावर बरेच दिवस विचार केला. दिलेला शब्द मोडला, हे खरं आहे आणि त्याला दुसरं नाव देता येणार नाही. पण त्या नकलेने मूडबिद्रीच्या भांडारातलं एकही पान कमी झालं नाही. ज्यांनी कुलूप लावलं त्यांचाही हेतू वाईट नव्हता. परचक्राच्या काळात त्या कुलपानेच ग्रंथ वाचवला होता. फक्त कुलूप कधी काढायचं, हे ठरवायचं राहून गेलं. ज्या बाईने रात्रीचा दिवा जाळून अक्षर न् अक्षर उतरवलं असेल, तिला मी दोष देऊ शकत नाही. तुमचं मत वेगळं असेल तर जरूर कळवा.

ती प्रत सहारनपूरला लाला जंबूप्रसादांकडे पोहोचली. तिथे तिचं देवनागरीत लिप्यंतर झालं. लिप्यंतर करणाऱ्या सीताराम शास्त्रींनी आपल्याजवळ एक प्रत ठेवली आणि तिच्यावरून आणखी प्रती निघाल्या. त्यांतली एक आपल्या विदर्भात कारंजा लाडला आली.

अमरावतीहून निघालेला पहिला खंड

अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक असलेल्या डॉ. हिरालाल जैन यांनी या प्रतींवरून धवलेचं संपादन हाती घेतलं. कोल्हापूरचे डॉ. आ. ने. उपाध्ये त्यांच्या सोबतीला होते. १९३९ मध्ये पहिला खंड हिंदी अनुवादासह अमरावतीहून प्रसिद्ध झाला. शेवटचा, सोळावा खंड यायला १९५८ उजाडलं.

विरोध थोडा झाला नाही. शास्त्र छापणं म्हणजे अविनय, असं म्हणणारे होतेच. सिद्धांतग्रंथ वाचायचा गृहस्थाला अधिकार नाही, असंही म्हटलं गेलं. पण पहिले खंड लोकांच्या हाती पडले, आणि मग मूडबिद्रीच्या भट्टारकांनी आणि पंचांनी स्वतःहून मूळ ताडपत्रांशी पाठ ताडून पाहायला सहकार्य केलं. मला या सगळ्या इतिहासात हा भाग सर्वांत सुंदर वाटतो. अक्षर जास्त की कमी, ही धरसेनांची परीक्षा इतक्या शतकांनी पुन्हा एकदा दिली गेली.

आणि सार्वजनिक वाचनालय?

महाराष्ट्रात सार्वजनिक वाचनालयं जुनी आहेत. रत्नागिरीचं १८२८ चं, अहमदनगरचं १८३८ चं, नाशिकचं १८४० चं. सुरुवातीला तिथे साहेबलोक आणि इंग्रजी शिकलेले पुरुष जात. बायकांनी पायरी चढायला पुष्कळ वर्षं लागली. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये ग्रंथालयांचा कायदा केला आणि महाराष्ट्राचा कायदा १९६७ मध्ये झाला. आज गावोगावची वाचनालयं अ, ब, क, ड अशा वर्गांत मोडतात. पुस्तकं किती, वाचक किती, वर्तमानपत्रं किती, यावर वर्ग ठरतो आणि वर्गावर अनुदान. म्हणजे आपण घरी नेलेल्या पुस्तकाचा शिक्कासुद्धा वाचनालयाच्या कामी येतो.

इथे कुणी आपल्याला अधिकार विचारत नाही. थोड्या वर्गणीत जे पुस्तक मिळतं, त्यासाठी लक्ष्मीबाईंना चोरून लिहावं लागलं होतं. आपलं कपाट उघडंच आहे. तरी ते मूडबिद्रीसारखंच झालंय, कुलूप न लावता.

या श्रुतपंचमीला काय आणाल?

मी ताईंबरोबर बसून कपाट आणि बाकीचे विभाग चाळले. सगळं इथे उपलब्ध आहे.

*धवला, खंड पहिला.* ग्रंथ जड वाटेल, पण प्रस्तावना हिंदीत आहे आणि वर सांगितलेली हकीकत तिथे सविस्तर मिळेल. तेवढीच वाचली तरी चालेल.

*रत्नकरंड श्रावकाचार,* मराठी अनुवादासह. दानाच्या प्रकरणात कौंडेशाचं नाव येतं. झाडाच्या ढोलीत सापडलेलं शास्त्र मुनींना देणाऱ्या गुराख्याची ती कथा. मुलांना सांगायला छान आहे.

*प्राचीन मराठी जैन साहित्य,* डॉ. सुभाषचंद्र अक्कोळे. आपल्या पूर्वजांनी मराठीत किती लिहून ठेवलंय ते पाहून थक्क व्हाल. त्याला जोडून *गुणकीर्तींचं धर्मामृत* घ्या. जुनी मराठी आहे, मोठ्याने वाचली की कळू लागते.

*गणितसारसंग्रह,* महावीराचार्यांचा, हिंदी अनुवादासह, सोलापूरचं प्रकाशन. नवव्या शतकातली गणितं आहेत. दहावी-बारावीच्या मुलींना द्या आणि गंमत बघा.

*आमच्या आयुष्यातील काही आठवणी,* रमाबाई रानडे, आणि *स्मृतिचित्रे,* लक्ष्मीबाई टिळक. ही दोन आपल्या कपाटातली नाहीत, चरित्र विभागात आहेत. लिहिणंवाचणं शिकण्यासाठी घरात काय काय सोसावं लागलं, ते या दोघींनी लिहून ठेवलंय.

*पंचतंत्र,* मुलांसाठी. याची एक प्रसिद्ध संस्कृत प्रत ११९९ मध्ये पूर्णभद्र या जैन मुनींनी तयार केली, हे मुलांना आवर्जून सांगा.

दुपारी दोन ते चार महिलांची वेळ आहे. सभासद व्हायला आधारकार्डाची झेरॉक्स आणि दोन फोटो लागतात, अनामत परत मिळते. आपल्या मंडळात वीसजणी आहोत. प्रत्येकीने महिन्याला एक पुस्तक नेलं, तर दिवाळीपर्यंत रजिस्टराची पानं भरतील. जाताना एकटीने जाऊ नका, सुनेला किंवा लेकीला सोबत न्या आणि तिच्या नावाचंही कार्ड काढा. पोथीची पूजा पंचमीला करूच, पण त्याच आठवड्यात एक शिक्काही पडू दे.