परमुलखांतील श्रमसेवा

परदेशीं जाऊन कोठें उजाड टेकडीवर रोपें लावावीं, कोठें समुद्रकांठीं कांसवांचीं अंडीं राखावीं, कोठें एखाद्या खेड्यांत शाळेची भिंत बांधावी, अशी इच्छा आज सुशिक्षित घरांतील पुष्कळ तरुणांना होते, आणि ती पुरविणाऱ्या संस्थाही ठिकठिकाणीं निघाल्या आहेत. इच्छा चांगली आहे. परंतु तिच्याविषयीं एक रोखठोक प्रश्न उभा राहतो. एका माणसाच्या जाण्यायेण्याच्या भाड्यांत त्याच खेड्यांतील कित्येक गवंड्यांना काम मिळालें असतें. मग ज्याला थापी कशी धरावी हेंही ठाऊक नाहीं, अशा परकीयानें तेथें जावें कशाला? ह्या प्रश्नाचें उत्तर नुसत्या तर्कानें शोधण्यापेक्षां, ज्यांनीं ही प्रथा घालून दिली त्यांच्या इतिहासांत शोधावें, हें आम्हांस अधिक श्रेयस्कर वाटतें.

पियेर सेरेसोल (१८७९–१९४५) हा स्वित्झर्लंडमधील लोझान येथला. त्याचा बाप १८७३ सालीं त्या देशाचा राष्ट्राध्यक्ष होता. मुलगा इंजिनियर झाला. अमेरिकेंत व जपानांत त्यानें कांहीं वर्षें काढलीं. पहिल्या महायुद्धाच्या काळांत त्यानें वडिलार्जित पैसा सरकारला देऊन टाकिला, आणि त्याच सरकारनें लष्करी कर मागतांच तो देण्याचें नाकारून तुरुंगवास पत्करला. सर्वस्व द्यावयास सिद्ध, परंतु युद्धासाठीं एक कवडीही न देणारा, असा हा विलक्षण करदाता होता! तथापि नुसता नकार त्याला पुरेसा वाटेना. सैनिक देशासाठीं अंग झिजवितो व प्रसंगीं प्राणही देतो. शांततेच्या पुरस्कर्त्यांनीं मात्र सभा भरवून ठराव करावे, यांत त्याला कमीपणा दिसे. ‘शब्द नकोत, कृति हवी’ हें पुढें त्याच्या संस्थेचें ब्रीदवाक्यच झालें.

पहिली कृति १९२० च्या नोव्हेंबरांत घडली. व्हर्डूनजवळचें एन् हें फ्रेंच खेडें महायुद्धांत जमीनदोस्त झालें होतें. तेथें सेरेसोल व त्याचे मूठभर सोबती जाऊन राहिले व तात्पुरतीं घरें उभारणें, रस्ते नीट करणें, असलीं कामें करूं लागले. त्या सोबत्यांत जर्मनही होते, आणि सारें मर्म त्यांतच होतें. ज्या राष्ट्राच्या तोफांनीं गांव पाडलें, त्याच राष्ट्रांतील माणसें तें बांधावयास आलीं होतीं. परंतु जखम ओली होती. जर्मनांच्या उपस्थितीस विरोध झाला व १९२१ च्या एप्रिलांत मंडळींना काम आटोपतें घ्यावें लागलें. घरांची संख्या मोजूं गेल्यास हा प्रयोग फसलाच म्हणावा लागेल.

पुढें १९२४ सालीं स्वित्झर्लंडांतच हिमप्रपातानें गाडलेलें एक खेडें साफ करण्याचें काम निघालें. त्या वेळीं पियेरचा भाऊ अर्नेस्ट, जो स्विस सैन्यांत कर्नल होता, तोही मदतीस आला. १९२७ सालीं ऱ्हाईन नदीनें बांध फोडून लिष्टेनष्टाइन या चिमुकल्या संस्थानांतील शेतें वाळूगोट्यांखालीं पुरलीं; दुसऱ्या वर्षीं निरनिराळ्या देशांतील सुमारें ७०० स्वयंसेवकांनीं कुदळ-फावडें घेऊन ती जमीन मोकळी केली. ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ ही संस्था येणेंप्रमाणें आकारास आली.

आतां हिंदुस्थानाकडे वळूं. १९३१ च्या डिसेंबरांत गोलमेज परिषदेहून परततांना गांधीजी रोमाँ रोलाँ यांच्या भेटीसाठीं स्वित्झर्लंडांत उतरले होते. त्या वेळीं सेरेसोलची व त्यांची गांठ पडली. त्यानंतर १५ जानेवारी १९३४ रोजीं दुपारीं बिहारांत महाभयंकर भूकंप झाला. एकट्या बिहारांत सात हजारांहून अधिक माणसें दगावलीं. मुंगेर व मुझफ्फरपूर हीं शहरें ढासळलीं. जमीन दुभंगून पाणी व वाळू वर उसळली, विहिरी बुजल्या, शेतांवर वाळूचे थर बसले. राजेंद्रबाबू भूकंपानंतर दोनच दिवसांनीं तुरुंगांतून सुटले व त्यांनीं साहाय्य-समितीची धुरा उचलली. त्याच वर्षीं सेरेसोल बिहारांत येऊन पाहणी करून गेला, आणि वर्षअखेरीस एक स्विस व दोन इंग्रज सोबती घेऊन परत आला. १९३७ पर्यंत हें काम चाललें. पुराच्या तोंडीं आलेलीं गांवें उंचवट्यावर हलवून नव्यानें वसवावयाचीं, असें त्याचें स्वरूप होतें. त्यांतील एका गांवाला शांतिपूर हें नांव मिळालें.

लक्षावधि लोक निराधार झालेल्या प्रांतांत चार गोरे लोक किती माती उपसणार? बहुतेक काम बिहारी मजुरांनींच केलें, यांत शंका नाहीं. तथापि तो काळ आठवावा. कायदेभंगाची चळवळ नुकतीच ओसरत होती. साहेब म्हणजे हुकूम देणारा, घोड्यावरून किंवा मोटारींतून जाणारा, हीच खेडुतांची समजूत. आणि आमचा पदवीधर तरी डोक्यावर टोपली घ्यावयास कोठें तयार होता? अशा वेळीं पन्नाशी उलटलेला एक युरोपियन इंजिनियर काँग्रेसवाल्यांशीं व सरकारी अधिकाऱ्यांशीं सारख्याच मोकळेपणानें बोलतो व मजुरांबरोबर मातींत उतरतो, हा देखावा दोघांनाही कांहीं शिकविणारा होता.

याच परंपरेचें एक टोंक आमच्या महाराष्ट्राला येऊन भिडलें आहे. बाबा आमटे यांनीं १९५१ सालीं वरोड्याजवळ कुष्ठपीडितांची आनंदवन ही वसाहत वसविली. तेथील पहिली पक्की इमारत उभारण्यास याच संस्थेचे देशोदेशींचे तरुण स्वयंसेवक आले. इमारत झाली ती झालीच. परंतु त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ते वसाहतींत राहिले व तेथलें अन्न त्यांनीं खाल्लें. आनंदवनांत पिकलेल्या भाजीस हात लावण्यास जे लोक धजत नव्हते, त्यांची भीति हें पाहून ओसरूं लागली. शेजाऱ्याच्या हातची भाजी निर्धोक आहे, हें समजण्यास आम्हांला सातासमुद्रांपलीकडचीं माणसें यावीं लागलीं! हें स्मरण आमच्या अभिमानास सुखावह नाहीं. पण विसरण्याजोगेंही नाहीं.

आरंभींच्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस येथें सांपडतें. भिंत स्थानिक गवंडी अधिक चांगली व स्वस्त बांधील. परंतु गांवाच्या वैराच्या, भीतीच्या किंवा उच्चनीचतेच्या भिंती गांवच्याच माणसाच्या अंगवळणीं पडलेल्या असतात, आणि त्यांना खिंडार पाडण्याचें सामर्थ्य कधीं कधीं बाहेरच्या माणसाच्या श्रमांत असतें. मात्र त्याला अट आहे. ज्यांचें काम त्यांच्या सांगण्यावरून तें करावें, त्यांच्यांत राहावें, आणि आपल्या समाधानासाठीं काम निर्माण करवूं नये. ही अट सुटली म्हणजे काय होतें, तें नेपाळ व कंबोडिया या देशांत अलीकडे दिसलें आहे. सेवेच्छु परकीयांचा ओघ व पैसा पाहून तेथें आईबाप हयात असलेलीं मुलेंसुद्धां अनाथालयांत आणून ठेवण्याचे प्रकार घडले. देणाऱ्याच्या हौसेसाठीं घेणारा जन्मास घातला गेला!

तेव्हां परदेशीं सेवेस निघणाऱ्या मुलाला किंवा मुलीला आईबापांनीं अडवूं नये, असेंच आम्ही म्हणूं. तेथें बोलाविलें कोणीं, आणि हुकूम कोणाचा मानावयाचा, हे दोन प्रश्न मात्र निघण्यापूर्वीं अवश्य विचारावे. आणि आपल्या गांवाच्या वेशीबाहेर असें एखादें आनंदवन आहे कीं काय, हेंही घरांतल्या सर्वांनीं एकदां पाहून यावें.